भाव पडद्यावर, चुकारा वाऱ्यावर



गेल्या हंगामात दिवाळीनंतर एका तालुक्याच्या बैठकीत एक कापूसवाला शेतकरी उभा राहिला. भाषण वगैरे काही केले नाही. खिशातून मोबाईल काढला आणि म्हणाला, "साहेब, हा बघा सौदा. पंधरा क्विंटल, सात हजारानं. बोली लागली तसा मोबाईलवर मेसेज आला. माप झालं, त्याचा मेसेज आला. आज सोळावा दिवस आहे. पैशाचा मेसेज तेवढा राहिला." सभेत हशा पिकला. हसणाऱ्यांतल्या कितीतरी जणांचे पैसे तेव्हा कुठे ना कुठे अडकलेलेच होते.

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो तेव्हा आम्हाला बियाणे शिकवले, खताच्या मात्रा शिकवल्या, बोंडअळीचे जीवनचक्र तोंडपाठ करून घेतले. चुकारा या विषयावर एक तासही झाला नाही. कापसाच्या शेतकऱ्याचे निम्मे मरण बोंडअळीत असेल, तर उरलेले निम्मे विकलेल्या मालाचे पैसे हातात पडेपर्यंतच्या दिवसांत आहे, हे आम्हाला गावोगाव फिरल्यावर कळले. एकाधिकार खरेदीच्या काळात चुकाऱ्यासाठी हेलपाटे घातलेली पिढी अजून गावात बसलेली आहे. तिला विचारा.

आता सांगतात की बाजार ऑनलाइन झाला. झाला, ते चांगलेच झाले. बाजार जितका मोठा, घेणारे जितके जास्त, तितके आपल्याला बरे. ऑनलाइन बाजाराला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न त्या सोळाव्या दिवसाचा आहे. बोली मशीनवर आली, काटा मशीनवर आला, मग पैसेच तेवढे जुन्या बैलगाडीने का येतात?

ते समजायचे तर थोडे लांब जावे लागेल, कारण ऑनलाइन बाजाराचा मोठा प्रयोग आधी अमेरिकेत झाला आणि पैशाचे दुखणेही आधी तिथेच उघडे पडले. १९९५ साली कॅलिफोर्नियात पिअर ओमिदयार नावाच्या माणसाने ईबे हा लिलावाचा बाजार सुरू केला. लिलाव आपल्या आवारासारखाच. फरक इतकाच, की विकणारा एका गावात, घेणारा हजार मैलांवर आणि दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही. बोली क्षणात लागायची. पैसे मात्र टपालाने चेकने नाहीतर मनिऑर्डरने यायचे. चेक वटेपर्यंत विकणारा माल पाठवायचा नाही आणि माल मिळेल की नाही या धास्तीने घेणारा चेक पाठवायला कचरायचा.

या अडचणीत काहींना धंदा दिसला. १९९९ मध्ये पेपल नावाची सोय निघाली. ई-मेलवरून पैसे पाठवायचे, विकणाऱ्याला लगेच कळायचे, दर व्यवहारामागे पेपल आपला वाटा कापून घ्यायचे. ईबेच्या विक्रेत्यांनी ती सोय डोक्यावर घेतली. ईबेने स्वतःची पैसे पोचवण्याची व्यवस्था उभी करून पाहिली, पण विक्रेते ऐकेनात. शेवटी २००२ मध्ये ईबेने दीडशे कोटी डॉलर मोजून पेपल विकतच घेतले. २०१५ मध्ये दोन्ही कंपन्या पुन्हा वेगळ्या झाल्या, तेव्हा शेअर बाजारात पैसे पोचवणाऱ्या पेपलची किंमत बाजार चालवणाऱ्या ईबेपेक्षा जास्त निघाली. गाळ्यापेक्षा पेढी महाग ठरली म्हणा ना! पुढे २०१८ मध्ये ईबेने पैशाचे काम पेपलकडून काढून आपल्या हाताखाली घ्यायचे जाहीर केले. एवढी ओढाताण कशासाठी? मालाची वाट ज्याच्या हातात आहे तो दलाली खातो. पैशाची वाट ज्याच्या हातात आहे तो दलाली खातोच, शिवाय पैसा त्याच्याकडे मुक्कामाला असतो आणि कोणाची ऐपत किती तेही त्याला कळते. आपल्याकडच्या अडत्या-सावकाराला हे अमेरिकेच्या आधीपासून ठाऊक होते. त्याने कंपनी काढली नाही इतकेच.

चीनमध्ये याच दुखण्यावर वेगळे औषध निघाले. तिथे अलीबाबा कंपनीचा ताओबाओ बाजार २००३ मध्ये सुरू झाला. घेणारा आणि विकणारा दोघेही एकमेकांवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. तेव्हा अलीपेची व्यवस्था आली. घेणाऱ्याने पैसे आधी मध्यस्थाच्या खात्यात टाकायचे. मध्यस्थाने विकणाऱ्याला कळवायचे की पैसे जमा आहेत, माल पाठव. माल पोचला, घेणाऱ्याने होकार दिला, की पैसे सुटले. यात कोणी कोणावर उपकार करीत नाही. विकणाऱ्याचा माल वाटेत असतो, पण घेणाऱ्याचा पैसाही कुलपात असतो. दोघांचेही काहीतरी अडकलेले असते, म्हणून दोघेही सरळ वागतात.

आता आपल्या आवारात या. आपला माल काट्यावरून उतरतो, जिनिंगच्या ढिगात जातो आणि त्या ढिगात आपला कापूस कोणता हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. घेणाऱ्याचे काय अडकलेले असते? काही नाही. त्याच्या हातात आपला कापूस, आपल्या हातात काटापट्टी.

या काटापट्टीची किंमत पैशात मोजून बघू. त्या शेतकऱ्याचे पंधरा क्विंटलचे सात हजाराने एक लाख पाच हजार झाले. पहिल्या वेचणीचे पैसे असे अडकल्यावर पुढच्या मालाच्या वेळी तो शहाणा झाला. व्यापारी म्हणाला, पंधरा दिवस थांबायचे नसेल तर रोख देतो, दोन टक्के कटती पडेल. त्याने कटती पत्करली. पत्करली नसती तर काय केले असते? वेचणीवाल्या बाया काही पंधरा दिवस थांबत नाहीत. त्यांना आठवडी बाजाराच्या दिवशी पैसे लागतात आणि ते मिळायलाच हवेत. किलोला दहा रुपये वेचणी धरली तरी पंधरा क्विंटलची पंधरा हजार रुपये मजुरी होते. ती घरात नसते, कापसातच असते.

एक लाख पाच हजारावर दोन टक्के म्हणजे २,१०० रुपये. आपलेच पैसे पंधरा दिवस आधी घ्यायचे म्हणून आपण हे व्याज भरले. पंधरा दिवसांना दोन टक्के म्हणजे महिन्याला चार आणि वर्षाला अठ्ठेचाळीस टक्के. गावचा सावकार शेकडा तीनने देतो म्हणून आपण त्याला शिव्या घालतो. तो बिचारा निदान स्वतःचे पैसे तरी देतो!

जो थांबला, त्यानेही फुकट थांबून चालत नाही. समजा एक व्यापारी दिवसाला दोनशे क्विंटल कापूस घेतो. सात हजाराने रोजचे चौदा लाख झाले. चुकारा पंधरा दिवसांनी दिला, तर कुठल्याही दिवशी त्याच्याकडे शेतकऱ्यांचे दोन कोटी दहा लाख बिनव्याजी पडून असतात. एवढे पैसे त्याने बँकेकडून बारा टक्क्यांनी घेतले असते तर महिन्याला दोन लाख दहा हजार व्याज पडले असते. चार महिन्यांच्या हंगामात आठ लाख चाळीस हजार. हे व्याज वाचले, ते आपण वाचवून दिले. देशातली सगळ्यात स्वस्त बँक बाजार समितीच्या आवारात गाड्या लावून उभी असते आणि चहाचे पैसेही स्वतःच देते.

पैसे पोचायला वेळ लागतो, हे कारण आता सांगता येणार नाही. बँकेतून बँकेत पैसे पाठवायची एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून दिवसरात्र चालू आहे, दर अर्ध्या तासाला पैसे पुढे सरकतात. दोन लाखांच्या वरच्या रकमेसाठी आरटीजीएस आहे, तीही १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास. आणि यूपीआय तर पानटपरीवरही आहे. ११ एप्रिल २०१६ ला ती मुंबईत सुरू झाली. २०२५ च्या ऑगस्टात त्या एकाच महिन्यात तिच्यावर दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला यूपीआयवर पैसे घेण्याचे बँकेला काही द्यावे लागत नाही. मशीनला अर्धा तास पुरतो. व्यापाऱ्याला पंधरा दिवस लागतात ते दुसऱ्याच कारणाने, आणि ते कारण आत्ताच मोजून झाले.

दुसरे एक कारण आपल्याला नेहमी ऐकवतात. सरकारने रोख बंद केली, बँकेतून रोख काढली की टॅक्स बसतो, म्हणून कटती. नोटाबंदीच्या हंगामापासून हे पालुपद चालू आहे. ३ नोव्हेंबर २०१७ ला आयकराच्या केंद्रीय मंडळाने खुलासा केला, की शेतकऱ्याने स्वतः पिकवलेला माल व्यापाऱ्याला दोन लाखांच्या आत रोखीने विकला तर व्यापाऱ्याचा तो खर्च नामंजूर होत नाही. २०१९ मध्ये वर्षाला एक कोटीवर रोख काढली तर दोन टक्के कापायचा नियम आला, तेव्हा आवारातल्या कटतीला नवे निमित्त मिळाले. पण त्याच सप्टेंबरात बाजार समितीतल्या व्यापाऱ्यांना शेतकऱ्यांच्या चुकाऱ्यापुरती त्यातून सूट दिली गेली. सूट व्यापाऱ्याला मिळाली. कटती आपल्याकडे राहिली.

सरकारच्या ई-नामची सुरुवात १४ एप्रिल २०१६ ला २१ बाजार समित्यांपासून झाली. पुढे त्या हजाराच्या वर गेल्या, महाराष्ट्रातल्याही आल्या. कल्पना चांगली आहे. फाटकावर नोंद, मालाला लॉट नंबर, प्रतीची तपासणी, संगणकावर बोली, मग काटा, मग थेट खात्यात पैसे. प्रत्यक्षात बऱ्याच आवारांत यातल्या पहिल्या चार पायऱ्या संगणकावर चढवल्या जातात आणि शेवटची जुन्याच रीतीने उतरते. प्रत तपासणारे नीट नसेल तर लांबचा व्यापारी बोली लावीत नाही, हे तर आहेच. कापसाची आर्द्रता आणि धाग्याची लांबी कागदावर बरोबर आली नाही, तर गुंटूरचा माणूस अकोल्याचा ढीग कशावरून घेईल? पण बोली लावणाऱ्याचे पैसे बोलीच्या आधी कुलपात नसतील, तर आपणही लांबच्या माणसाला माल कसा देणार? जवळचा बुडवतो तेव्हा निदान त्याच्या दारात जाऊन बसता येते.

नुसत्या पडद्यावर विश्वास ठेवला तर काय होते, ते मुंबईने एकदा पाहिले आहे. नॅशनल स्पॉट एक्सचेंज नावाचा मालाचा ऑनलाइन बाजार होता. साखर, साळ, एरंडी असे सौदे पडद्यावर व्हायचे, गोदामाच्या पावत्या निघायच्या. ३१ जुलै २०१३ ला सौदे बंद पडले आणि सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले. चौकशी सुरू झाली तेव्हा पावत्यांवरचा कितीतरी माल गोदामांत नव्हताच. बुडालेले सुमारे तेरा हजार लोक बहुतेक शहरांतले गुंतवणूकदार होते, म्हणून वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरले, खटले उभे राहिले. खेडा खरेदी करणारा कापूस व्यापारी एका रात्रीत दहा गावांचे पैसे घेऊन नाहीसा होतो, तेव्हा चार ओळींची बातमी येते.

शहरातल्या गिऱ्हाइकासाठी मात्र सरकारी यंत्रणा जागी आहे. १७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांना नियम घातले. गिऱ्हाइकाचे पैसे स्वतःच्या धंद्यात मिसळायचे नाहीत, बँकेतल्या वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि ठरलेल्या मुदतीत विकणाऱ्याला सोडायचे. जो बाजार चालवतो त्याला पैसे गोळा करायचे काम करायचे असेल तर ते वेगळे काढून ३० जून २०२१ पर्यंत वेगळी परवानगी मागायला लावली. पुण्यातल्या कोणी मोबाईलचे कव्हर मागवले तर त्याचे दोनशे रुपये कुठे ठेवायचे याचा कायदा आहे. कापसाच्या लाखाला तो लागू होत नाही. का? तर व्यापारी माल स्वतःसाठी घेतो, दुसऱ्याचे पैसे गोळा करीत नाही. त्याने दिले नाहीत तर ती साधी उधारी, आणि उधारीसाठी तुम्ही कोर्टात जा.

बाजार समितीचे नियम चुकारा तत्काळ द्यायला सांगतात. २०२० च्या केंद्राच्या व्यापार कायद्यातही लिहिले होते, की पैसे त्याच दिवशी आणि फार तर तीन कामाच्या दिवसांत द्यावेत. तो कायदा २०२१ च्या अखेरीस मागे घेतला गेला. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलून झाले आहे, आज ते नको. आम्हाला एवढेच दाखवायचे आहे, की दोन्हीकडे मुदत लिहिलेली होती आणि कुलूप कुठेच नव्हते. पैसे दिले नाहीत तर तक्रार कर, उपविभागीय अधिकाऱ्याकडे जा. कपाशीत डवरणी सोडून तारखांना जाणार कोण?

इथवर व्यापाऱ्याला बोललो. आता आपल्या घरातले एक दुखणे बोलायला हवे, कारण ते झाकून ठेवले तर बाकीचे सगळे बोलणे खोटे होईल. आपल्यातल्या पुष्कळांना खात्यात पैसे नकोच असतात. व्यापारी म्हणतो, शेतकरीच रोख मागतो. खोटे नाही ते. पीककर्ज थकलेले असते. खात्यात चुकारा आला की बँक तो कर्जात वळता करते नाहीतर खात्याला होल्ड लावते. वेचणीची मजुरी, रब्बीच्या ज्वारीचे बियाणे, पोरीच्या वसतिगृहाची फी, सगळे त्या होल्डखाली. गेल्या वर्षी एका गावात एक बाई आम्हाला म्हणाली, "खात्यात आलेले पैसे दिसतात, दादा. देवळातल्या देवासारखे. बघायचे आणि परत यायचे." मग दोन टक्के कटती देऊन रोख घेणे हा वेडेपणा राहत नाही, हिशेब होतो. बँकेच्या भीतीची किंमत व्यापारी वसूल करतो. चुकाऱ्यातून परस्पर वसुली थांबत नाही तोवर खात्यात पैसे द्या असे शेतकऱ्याला सांगायला आमची जीभ उचलत नाही. कर्ज फेडायचे की नाही हा वाद वेगळा. पण विकलेल्या मालाचा पैसा शेतकऱ्याच्या लेखी संमतीशिवाय वळता करायचा नाही, हे आधी ठरले पाहिजे.

जिथे आधार नंबरवर पैसे येतात, तिथे आणखी एक मेख आहे. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी आणि आधारशी जोडलेले खाते लागले. हमीभाव लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० होता. खुल्या बाजारात सात हजाराला कापूस टाकणाऱ्याने हा फरक स्वतःच मोजावा. तर, आधारवर सोडलेले पैसे तुम्ही मनात धरलेल्या खात्यात जात नाहीत, ज्या बँकेत आधार शेवटी जोडले गेले तिथे जातात. २०१७ मध्ये एका मोबाईल कंपनीच्या पेमेंट बँकेत लाखो लोकांची खाती त्यांना नीट न कळवताच उघडली गेली आणि त्यांचे गॅसचे अनुदान, सुमारे १९० कोटी, तिकडे जमा झाले. गवगवा झाला म्हणून परत आले. म्हणून विक्रीच्या आधीच बँकेत जाऊन आपले आधार कुठे जोडले आहे ते बघून घ्या. सात-बारा नवऱ्याच्या नावावर आणि राबणारी बायको असेल तर दोघांनी मिळून जा. नवरा गेल्यावर खाते बंद आणि कापूस घरात अशा विधवा बहिणी आम्ही पाहिल्या आहेत.

आमची मागणी साधी आहे आणि नवी नाही. चीनच्या बाजारात खेळणी आणि कपडे विकणाऱ्याला जे वीस वर्षांपूर्वी मिळाले, ते आम्हाला कापसाला आणि ज्वारीला हवे. ऑनलाइन असो की आवारातला लिलाव, बोली लावणाऱ्याची तेवढी रक्कम बोलीच्या आधी बँकेत बांधलेली असावी. माप झाले, दोघांनी मान्य केले, की ती सुटावी. काट्याचा आकडा आणि पैशाचा मेसेज एकाच तासात यावा. उशीर झाला तर रोजचे व्याज मागायला न लागता चुकाऱ्यात मिळाले पाहिजे. व्यापारी म्हणतील, एवढे भांडवल आम्ही कुठून आणू? बँकेकडून आणा, व्याज भरा आणि बोली त्या हिशेबाने लावा. भाव पन्नास रुपयांनी कमी निघाला तरी चालेल, निदान तो खरा भाव असेल. आज सात हजार बोलतात आणि कटती, उधारी, बुडीत धरून हातात किती पडतात हे कोणालाच सांगता येत नाही. छोटा व्यापारी यात अडचणीत येईल हे आम्हाला दिसते. त्याच्यासाठी बँकेने हमी द्यावी, बाजार समितीने आपल्या सेसमधून निधी उभा करावा. हमालांची, मापाऱ्यांची सोय वर्षानुवर्षे करता येते, तर हीसुद्धा करता येईल.

येत्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने गेल्या हंगामाच्या काटापट्ट्या आणि पासबुके घेऊन यावे. ज्वारीवाल्यांनीही आणाव्यात, ज्वारीचा माल थोडा म्हणून त्यांच्या चुकाऱ्याकडे कोणी बघत नाही. माप कोणत्या तारखेला झाले, पैसे कोणत्या तारखेला मिळाले, कटती किती आणि कशाच्या नावाने, बँकेने किती वळते केले, एवढ्या चार गोष्टी प्रत्येक पट्टीच्या मागे लिहून आणा. पट्टी मिळालीच नसेल तर व्यापाऱ्याचे नाव आणि गाडीची तारीख लिहा. तालुक्यांचे कार्यकर्ते दुपारी जेवणाच्या आधी बेरीज करतील आणि बेरजेचा कागद संध्याकाळी बाजार समितीच्या सभापतींना आणि जिल्हा उपनिबंधकांना दिला जाईल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शाळेतल्या पोराला बरोबर आणावे.